विमानतळावरचं पाणी महाग का, आणि ते पैसे जातात कुठे?

सुरक्षा तपासणीच्या रांगेत, ट्रे हातात घ्यायच्या जरा आधी, लोक एक गमतीचा प्रकार करतात. अर्धी भरलेली पाण्याची बाटली तोंडाला लावून घटाघटा संपवतात. तहान नसते, पण फेकून द्यायचं जिवावर येतं. मीही करते. मग तपासणी उरकून, पट्टा-घड्याळ पुन्हा चढवून दहा पावलं पुढे गेलं की समोरच्या फ्रिजमध्ये तशाच बाटल्या ओळीने मांडलेल्या दिसतात. कंपनी तीच, पाणी तेच, भाव मात्र बाहेरच्या दुप्पट किंवा त्याहून वर.

इतक्या देशांत हे चित्र सारखंच दिसतं, याचं एक कारण ऑगस्ट २००६ मध्ये सापडतं. लंडनहून अमेरिकेकडे निघणारी विमानं द्रवरूप स्फोटकांनी उडवायचा कट ब्रिटिश पोलिसांनी तेव्हा उघडकीला आणला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या सामानातल्या द्रवपदार्थांवर १०० मिलिलिटरची मर्यादा बहुतेक ठिकाणी आली. आता नव्या स्कॅनरमुळे काही विमानतळांवर ती सैल होते आहे. नियम सुरक्षेसाठीच होता, दुकानदारांचं भलं व्हावं म्हणून कुणी केला नव्हता. पण परिणाम असा झाला की तपासणीपलीकडे गेलेला प्रत्येक माणूस हमखास गिऱ्हाईक झाला, आणि त्याला मागे फिरून कोपऱ्यावरच्या दुकानात जायची सोय राहिली नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, त्यातली गत.

आता, एवढा भाव का, असं विचारलं तर काउंटरवरून एकच उत्तर येतं: "इथलं भाडं किती आहे माहितीये का?" ऐकायला अगदी पटतं. भाडं जास्त, म्हणून माल महाग. पण हे उत्तर अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं उलटं आहे, आणि ते उलगडलं की विमानतळाचा सगळा हिशेबच वेगळा दिसायला लागतो.

आधी जे खरं आहे ते मान्य करू. तपासणीच्या आतल्या बाजूला दुकान चालवणं खर्चिकच असतं. साधा सँडविच लावणारा मुलगा कामावर ठेवायचा तरी त्याची पार्श्वभूमी तपासली जाते, पास मिळायला दिवस लागतात, आणि रोज ड्यूटीवर येताना त्यालाही तपासणीतून जावं लागतं. मालाचंही तेच. बिस्किटांचा खोका असो की दुधाची क्रेट, तपासल्याशिवाय आत येत नाही. कोठार छोटं, त्यामुळे माल थोडा थोडा आणि वारंवार आणायचा, तोही बऱ्याचदा रात्री, गर्दी नसताना. पहाटेच्या पहिल्या विमानाआधी शटर वर, शेवटच्या विमानापर्यंत खाली करायचं नाही. स्वयंपाकघरात तर आणखी मजा. अनेक विमानतळांवर आतल्या हॉटेलांच्या सुऱ्या साखळीने नाहीतर केबलने ओट्याला बांधलेल्या असतात आणि पाळी संपताना मोजल्या जातात. कांदा कापायचा तर सुरीपाशी जायचं, सुरी तुमच्यापाशी येणार नाही! गॅसच्या उघड्या ज्योतीला कित्येक ठिकाणी परवानगी नसते, सगळं विजेवर.

हा सगळा खर्च भावात येणारच. पण त्याने भाव थोडा वाढावा, दुपटीने नव्हे. वरचं जे उरतं, ते कुठून येतं?

दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये धान्याच्या महागाईवरून मोठा वाद पेटला होता. जमीनदार खंड, म्हणजे शेताचं भाडं, फार घेतात म्हणून धान्य महाग, असं म्हणणारे पुष्कळ होते. डेव्हिड रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाने ते उलटं करून मांडलं. धान्य चढ्या भावाने खपतंय, म्हणून शेतकऱ्याला जास्त खंड परवडतो, आणि परवडतो हे दिसलं की जमीनदार तो मागतो. म्हणजे भाव आधी, खंड नंतर.

विमानतळावर हेच होतं, फक्त शेताच्या जागी दुकानाचा गाळा. गाळ्यांचं टेंडर निघतं. बोली लावणारी कंपनी आधी अंदाज बांधते: वर्षाला या दारासमोरून किती प्रवासी जाणार, त्यातले किती थांबणार, सरासरी किती खर्च करणार. माल, पगार, वीज वजा केली, स्वतःचा नेहमीचा नफा वजा केला, की जे उरतं तेवढ्यापर्यंत बोली चढवता येते. समोर दुसरी कंपनी बसलेली असल्यामुळे ती चढवावीच लागते. अडकलेल्या गिऱ्हाइकाकडून जास्तीचे जे पैसे मिळणार आहेत, ते अशा रीतीने दुकान उघडायच्या आधीच विमानतळाच्या नावे झालेले असतात. दुकानदार मधला वसुली कारकून.

पुरावा हवा असेल तर विमानतळावर काम करणाऱ्या कुणालाही विचारा. बऱ्याच ठिकाणी तिथल्या कर्मचाऱ्यांना त्याच काउंटरवर, त्याच कपातली कॉफी सवलतीत मिळते. भाडं तेच, मशीन तेच, ओतणारा हात तोच. फरक इतकाच की कर्मचारी रोज घरून डबा आणू शकतो, आणि ते दुकानदाराला ठाऊक असतं.

भाडं मागायची तऱ्हा

इथे एक बारकावा आहे, आणि तो सोडून चालणार नाही. भाडं भावावर परिणाम करतच नाही असं नाही. ते कशा प्रकारे आकारलं जातं यावर अवलंबून आहे.

विमानतळ आणि दुकान यांच्यातला करार बहुधा असा असतो: विक्रीतला ठरलेला टक्का द्या, पण वर्षाला किमान अमुक रक्कम यायलाच हवी. दोन्हींतलं जे जास्त भरेल ते द्यायचं. या किमान रकमेला धंद्यात हमी रक्कम म्हणतात. हमी रक्कम एकदा बोलीत कबूल केली की बाटली वीसला विका नाहीतर शंभरला, ती बदलत नाही. म्हणून तिच्यामुळे बाटलीचा भाव ठरत नाही. टक्का मात्र प्रत्येक विक्रीला चिकटतो.

आकडे मांडून बघू. हे आकडे माझे, समजण्यापुरते. बाटली दुकानाला २० ला पडते आणि १०० ला विकली जाते. विमानतळाचा वाटा ४० टक्के. म्हणजे दुकानाकडे राहिले ६०, त्यातून मालाचे २० गेले, कमाई ४०. आता दुकानदाराच्या मनात आलं की भाव ८० करू, लोक दुवा देतील. ८० मधून ३२ विमानतळाला, उरले ४८, मालाचे २० गेले, कमाई २८. पूर्वीइतकाच गल्ला भरायचा तर पूर्वी १०० बाटल्या विकत होता तिथे १४३ विकाव्या लागतील. टक्काच नसता, तर कमाई ८० वरून ६० वर आली असती आणि १३४ बाटल्यांत काम भागलं असतं. पण भाव उतरला म्हणून विमानाला चाललेली माणसं दीडपट तहानलेली होत नाहीत. म्हणून भाव उतरत नाही. टक्केवारीचं भाडं भाव वर ढकलतं ते असं, एखाद्या विक्रीकरासारखं.

समोरासमोर तीन वेगवेगळ्या पाट्यांची दुकानं दिसली की आपल्याला वाटतं स्पर्धा आहे, कुणीतरी भाव पाडेल. पाट्यांवर जाऊ नका. विमानतळांवरची दुकानं चालवणाऱ्या मोजक्या जागतिक कंपन्या आहेत. स्वित्झर्लंडची डफ्री आणि इटलीची ऑटोग्रिल २०२३ मध्ये एकत्र आल्या आणि त्यांची अव्होल्टा झाली. ब्रिटनची एसएसपी, फ्रान्सची लागार्देर. या कंपन्या नामांकित ब्रँडांची फ्रँचायझी घेऊन दुकानं चालवतात. त्यामुळे इकडची कॉफी आणि तिकडचा बर्गर यांचे पैसे संध्याकाळी एकाच खात्यात जमा होत असण्याची शक्यता बरीच असते.

बोलीच्या भरात हे गणित चुकतंही. दक्षिण कोरियातल्या इंचॉन विमानतळावर ड्यूटी फ्री दुकानांसाठी लोट्टे कंपनीने भरमसाट भाडं कबूल केलं होतं. मग चिनी पर्यटक एकदम कमी झाले, आणि २०१८ मध्ये लोट्टेने तिथल्या चारपैकी तीन जागा सोडत असल्याचं जाहीर केलं. कोविडच्या काळात तर टर्मिनल ओस आणि हमी रकमेचा तगादा चालू, अशी अवस्था जगभर झाली. कित्येक विमानतळांना ती माफ करावी लागली नाहीतर पुढे ढकलावी लागली. त्यानंतर इंचॉनने २०२३ च्या टेंडरात ठोक भाड्याऐवजी दर प्रवाशामागे ठरावीक रक्कम अशी पद्धत आणली. कागदावर न्याय्य दिसते. पण टर्मिनलमधून गेलेला प्रवासी दुकानात शिरलाच नाही तरी त्याचं भाडं द्यावं लागतं, हे आलंच.

एक गल्ला की दोन

पैसे विमानतळाकडे पोचले. आता पुढे काय? बहुतेक लोकांचं बोलणं इथे "लुटतात" या शब्दावर संपतं, आणि खरी गोष्ट इथून पुढे आहे.

विमानतळाची कमाई दोन झऱ्यांची. एक विमानांकडून: उतरण्याचं शुल्क, जे सहसा विमानाच्या वजनावर असतं, उभं राहण्याचं शुल्क, आणि दर प्रवाशामागे घेतलं जाणारं शुल्क, जे आपल्या तिकिटात दिसतं. दुसरी विमानांशी थेट संबंध नसलेली: दुकानं, पार्किंग, जाहिराती, भाड्याच्या गाड्या, कार्यालयांचे गाळे. विमानतळांच्या जागतिक संघटनेच्या आकडेवारीत कोविडपूर्वीच्या वर्षांत ही दुसरी कमाई एकूण उत्पन्नाच्या साधारण ४० टक्के होती. तिच्यात दुकानं आणि पार्किंग हे दोन मोठे वाटे.

विमानतळ ही बहुतेक शहरांत मक्तेदारी, म्हणून विमान कंपन्यांकडून किती शुल्क घ्यावं यावर नियामकाची नजर असते. नियामकापुढे प्रश्न येतो: शुल्क ठरवताना दुकानांची कमाई धरायची की नाही? धरली तर एकच गल्ला. नाही धरली तर दोन वेगळे गल्ले.

पुन्हा एक कल्पित हिशेब. धावपट्टी, टर्मिनल, कर्ज, मालकाचा रास्त नफा, हे सगळं धरून विमानसेवेचा वर्षाचा खर्च ६०. दुकानांतून खर्च जाऊन शिल्लक राहतात २०. एकच गल्ला असेल तर विमान कंपन्यांना ४० च द्यावे लागतात. उरलेले २० कॉफी आणि अत्तरातून आले. दोन गल्ले असतील तर विमान कंपन्यांनी पूर्ण ६० द्यायचे आणि दुकानांचे २० विमानतळाच्या मालकाच्या खिशात. लंडनच्या हीथ्रोला एकच गल्ला लागू आहे. जर्मनीत फ्रँकफुर्टला दोन. आणि मधली वाटही आहे: भारताने २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणात दुकानं वगैरेंच्या उत्पन्नातला ३० टक्के भाग शुल्क कमी करायला वापरायचा, असं ठरवलं.

म्हणजे एकाच भावाची कॉफी एका विमानतळावर धावपट्टीचा खर्च उचलते आणि दुसऱ्या विमानतळावर भागधारकाचा लाभांश होते. कपाकडे बघून हे कळत नाही.

एकच गल्ला प्रवाशाच्या फायद्याचा, असं वाटतं. विमान कंपन्या तर तेच सांगत असतात. गंमत अशी की त्यांना मिळालेली सवलत तिकिटात उतरेलच असं नाही, आणि इथे रिकार्डो पुन्हा आडवा येतो. ज्या विमानतळावर जागा मोकळी आहे आणि चार कंपन्या एकमेकींशी भांडताहेत, तिथे शुल्क कमी झालं की तिकिटाचा भावही कमी होतो. स्वस्तातल्या विमानसेवा लहान विमानतळांवर जातात त्या याच बळावर: विमानतळ उतरण्याचं शुल्क नाममात्र ठेवतो आणि आलेल्या गर्दीकडून पार्किंग-दुकानांत वसूल करतो. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड स्टार्की यांचा तर युक्तिवादच असा की ज्या विमानतळाला दुकानांतून चांगली कमाई आहे, त्याला नियामक नसला तरी शुल्क फार चढवणं सोयीचं नाही. विमान गेलं की गिऱ्हाईकही गेलं.

हीथ्रोवर मात्र वर्षाला विमानांच्या ४,८०,००० फेऱ्यांची मर्यादा आहे आणि ती जवळपास भरलेली असते. तिथे उतरायची वेळ मिळवण्यासाठी २०१६ मध्ये ओमान एअरने दुसऱ्या कंपनीला सुमारे ७.५ कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या. एका येण्याजाण्याच्या जोडीसाठी! तिथे तिकिटाचा भाव जागेच्या टंचाईने ठरतो, विमानतळाच्या शुल्काने नाही. शुल्क दोन पैशांनी उतरलं तर ते दोन पैसे विमान कंपनीच ठेवून घेणार. महाग सँडविच खाणाऱ्याला वाटतं आपण आपल्याच तिकिटाला हातभार लावला. लावलेला असतो दुसऱ्याच कुणाला.

शिवाय भरतं कोण, हेही बघायला हवं. कंपनीच्या खर्चाने फिरणारा लाउंजमध्ये बसून खातो. डबा आणणारा काहीच देत नाही. विमान चार तास उशिरा आणि सोबत दोन पोरं असलेली आई, तिच्याकडून सगळ्यात जास्त वसुली होते. धावपट्टीचा खर्च वाटून घ्यायची ही काही शहाणी पद्धत नव्हे, असं माझं मत.

पैशांखेरीज वेळही जातो. तपासणी संपल्यापासून गेटवर जाईपर्यंतचा काळ विमानतळाच्या दृष्टीने सोन्याचा. रांगेत घालवलेली दहा मिनिटं म्हणजे दुकानातली दहा मिनिटं कमी. त्यामुळे तपासणी वेगाने व्हावी यात विमानतळाचाही स्वार्थ असतो, ही त्यातली चांगली बाजू. दुसरी बाजू म्हणजे तपासणीतून बाहेर पडल्यावर गेटकडे जायची वाट थेट ड्यूटी फ्रीच्या पोटातून, अत्तराच्या घमघमाटात वळणं घेत जाते. बाकडी कमी, खुर्च्या कॅफेच्या.

भावाला लगाम घातला तर

अमेरिकेत पिट्सबर्गच्या नव्या टर्मिनलमध्ये १९९२ साली दुकानांना अट घातली गेली: शहरात जो भाव, तोच इथे. त्यानंतर लोकांनी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त खरेदी केली; पण त्यात भावाचा वाटा किती आणि नव्या टर्मिनलचा किती, हे सांगणं कठीण. ओरेगॉनमधल्या पोर्टलंड विमानतळाचीही हीच अट आहे आणि तो त्याची अभिमानाने जाहिरात करतो. न्यूयॉर्कला मात्र उशिरा जाग आली. २०२१ मध्ये लाग्वार्डिया विमानतळावरच्या एका मेनूचा फोटो पसरला, बिअरचा भाव २७.८५ डॉलर. बोंबाबोंब झाली, चौकशी बसली, आणि २०२२ मध्ये तिथल्या प्राधिकरणाने शहरातल्या भावापेक्षा जास्तीत जास्त १० टक्के वर, असे नियम नव्याने छापून काढले.

अशा नियमांत खरी मारामारी "शहरातला भाव" कुठला धरायचा यावर होते. कोपऱ्यावरच्या टपरीचा, की पंचतारांकित हॉटेलच्या बारचा? आणि लगाम घातल्यावर तोटा कुणाचा, हेही आता सांगता येईल. दुकानदाराचा फारसा नाही. तो पुढच्या टेंडरात बोली कमी लावेल. तोटा विमानतळाच्या भाड्यात दिसेल, आणि गल्ला एकच असेल तर त्यातला काही भाग विमान कंपन्यांच्या शुल्कात परत येईल. पाण्याची बाटली स्वस्त, तिकिटावरचं शुल्क किंचित जास्त. मला हा सौदा चालेल. शुल्क सगळ्यांवर सारखं पडतं आणि आधी दिसतं.

राहिलं ड्यूटी फ्री. याचा जन्म १९४७ चा, आयर्लंडमधल्या शॅनन विमानतळावर. अटलांटिक ओलांडणारी विमानं इंधनासाठी तिथे थांबत. ब्रेंडन ओ'रेगन यांनी मांडलेली कल्पना अशी की या थांब्यात उतरलेला प्रवासी कायद्याच्या दृष्टीने देशात आलेलाच नाही, मग त्याच्याकडून इथला कर का घ्यायचा? करमाफी खरी आहे. पण तिचा फायदा ज्या मालावर मुळात जबर कर असतो तिथेच जाणवतो, म्हणजे दारू आणि तंबाखू. चॉकलेट, गॉगल, हेडफोन यांच्यावर कर कमी असतो, आणि जो असतो त्याची माफी वरच्या भाड्यात विरघळून जाते. "कर नाही" म्हणजे "स्वस्त" नव्हे.

ब्रिटनमध्ये २०१५ च्या ऑगस्टमध्ये यावरून चांगलाच गदारोळ झाला. विमानतळावरच्या दुकानांत टूथपेस्ट घेतली तरी काउंटरवर बोर्डिंग पास मागत. लोकांना वाटे सुरक्षेचं काहीतरी असेल, निमूटपणे पुढे करत. पास स्कॅन केल्यावर दुकानाला कळे की प्रवासी युरोपीय संघाबाहेर चालला आहे, आणि अशा विक्रीवरचा २० टक्के व्हॅट दुकानाला सरकारला भरावा लागत नसे. छापील किंमत मात्र सगळ्यांना एकच. वाचलेला कर गिऱ्हाइकाला न देता कित्येक दुकानं स्वतःकडेच ठेवत होती. टूथपेस्टसाठी पास दाखवायची कायद्याने सक्ती नव्हती. हे छापून आल्यावर प्रवासी काउंटरवर पास दाखवायला सरळ नकार देऊ लागले.